तंगडी

या वर्षी टर्की आणली नाही.
सुनेला मांस चालत नाही,
आणि माझ्या गुडघ्यांना कुतैसीच्या बाजारातली
ती निसरडी पायरी. म्हणून फ्लॉवर.

अक्रोड मात्र तेवढेच,
दोनदा वाटलेले, तेल सुटेपर्यंत.
लसूण, धणे, वाळल्या झेंडूची पूड.
रात्रभर खिडकीत गार केलेलं.

उशांगी तिबिलिसीहून आला, झाकण उचललं,
पुन्हा ठेवलं,
आणि कोट न काढताच बाल्कनीत जाऊन
सिगारेट ओढत राहिला.
आई असती तर, एवढंच म्हणाला.

मी म्हटलं, त्र्याण्णव आठव.
वीज नाही, गॅस नाही,
पावाच्या रांगेत बाबांची बोटं निळी.
आईनं याच वाटणात बटाटे बुडवले होते
आणि मेणबत्तीपाशी, जराही न हसता,
विचारलं होतं: तंगडी कुणाला?
भांडलो होतो आपण त्या तंगडीसाठी.
तू रडून मिळवलीस.

तो काही बोलला नाही.
राख झटकत राहिला, राख नसलेली.

बारा वाजले. खाली पोरांनी फटाके लावले.
सून वाढत आली त्याच्यापर्यंत.
त्यानं ताट पुढे केलं, घसा खाकरला,
"तंगडी मला."

सून माझ्याकडे बघतेय.
पळी तशीच हवेत.