किटलीचं टोपडं

साडेसहाला जेवतात ही माणसं.
बोपोडीत तेव्हा माझ्या दाराशी ऊन असतं,
आणि इथे औंधला, नवव्या मजल्यावर,
काटे डावीकडे, सुऱ्या उजवीकडे,
मधे मीठ आणि मिरपूड, जुळ्या बहिणींसारख्या.
बाकी मसाला नाही.
माझा कांदा-लसूण मसाला नेला होता पहिल्या आठवड्यात.
मॅडम म्हणाल्या, "लव्हली,"
आणि डबा सगळ्यात वरच्या फळीवर गेला.

लव्हली कळायला दोन महिने लागले.
लव्हली म्हणजे छान. लव्हली म्हणजे पुरे.
लव्हली म्हणजे हे परत करू नका.
साहेब 'नॉट बॅड' म्हणाले
तर मात्र भांडं रिकामं होणार.

मला मिसेस रॅनपाइस म्हणतात.
रणपिसे. तीनदा सांगितलं,
तीनदा सॉरी म्हणाले, चौथ्यांदा रॅनपाइस.
पण मिसेस लावून आजवर कोणी हाक मारली नव्हती,
म्हणून राहू दिलं.

वाटाणे काट्याच्या पाठीवर चढवतात.
पाठीवर! खड्डा दुसऱ्या बाजूला असताना.
टोस्टला एक छोटी घडवंची आहे,
तिच्यात उभे करून गार होऊ देतात,
मग वर संत्र्याच्या सालीचा कडू मुरंबा.
रविवारी भट्टीत कोंबडी, भोवती बटाटे,
दुपारभर घरात चरबीचा वास,
सगळे घरात आणि आवाज फक्त सुऱ्यांचा.
एकमेकांच्या ताटातलं कोणी उचलत नाही.

पहिल्या दिवशी मला चहा विचारला.
रीतीप्रमाणे मी नको म्हटलं.
त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांनी ते ऐकलं.
नऊ महिने मी त्या घरात चहा गाळते आहे
आणि घरी जाऊन पिते आहे.

किटलीला त्यांच्याकडे टोपडं असतं.
हिरव्या लोकरीचं, वर एक बटण.
पार्सलनं आलं तेव्हा मला वाटलं बाळाचंच,
पोटाकडे बघितलं मी मॅडमच्या.
साहेबांच्या आईनं विणलं होतं. ब्याऐंशीव्या वर्षी.

मंगळवारी गेलं तर मॅडम फोनवर तिकिटं बघत होत्या,
आवाज बसलेला.
आई गेली होती. रात्री, तिकडे झोपेत.
आमच्यात अशा घरची चूल थंड असते,
शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन येतात,
मी हात धरून बसायच्या तयारीनं आत गेले
तर गॅस चालू. साहेब स्वतः ओट्याशी,
आधी गरम पाण्यानं किटली विसळली,
चमच्यानं मोजून पत्ती टाकली,
टोपडं घातलं, बटण सरळ केलं,
आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले, चार मिनिटं.
रडले नाहीत.
दूध जरा सांडलं
तर ओट्याला सॉरी म्हणाले.

तीन कप होते.
तिसरा माझ्यापुढे सरकवला. विचारलं नाही.
मी उभ्यानंच प्यायले. साखर नव्हती.

संध्याकाळी पिठलं-भाकरी टॉवेलात गुंडाळून
रिक्षानं नेली, साडेसहाच्या आत.
साहेब सुरीनं भाकरी कापायला लागले,
ती सरकली, ताट वाजलं.
म्हटलं, हातानं. कुस्करा.
मराठीतच म्हटलं.
दोघांनी एकमेकांकडे बघितलं, बाह्या वर केल्या.
पिठलं तिखट होतं, माझ्याच हातचं,
साहेबांचं नाक वाहायला लागलं, मग डोळे,
आणि ते पुसायची घाई त्यांनी केली नाही.
मॅडमनी त्यांच्या ताटातला तुकडा उचलला.
लव्हली कोणीच म्हटलं नाही.

निघताना येते म्हटलं.
टोपडं ओट्यावर उलटं पडलं होतं,
आतून चहाचा डाग, वाटीएवढा.
धुवायला हातात घेतलं,
मग होतं तिथे ठेवून दिलं.