शिंगं

ऑस्ट्राव्हाच्या बंद खाणीत,
कामगार जिथं अंघोळ करायचे त्या हॉलमध्ये
आज शेवटचा शो.

क्व्हेता रबरी मुखवट्याला आतून पावडर लावते,
एकतीस वर्षं लावतेय.
पहिली शिंगं खाटकाकडची, खरी;
वास जाईना, म्हणून मग फायबरची.
रक्त मात्र अजून बीटाचंच.

झ्बिन्येकला आता सैतानासारखी उडी झेपत नाही.
उभ्या उभ्याच गरजतो.
पोरं तरी किंचाळतात,
त्यांचे बापही.

ड्रमर लुबोर मागच्या हिवाळ्यात गेला.
त्याचं लांडग्याचं डोकं स्टुलावर;
वाजवतोय पुतण्या,
उघड्या चेहऱ्यानं.

नंतर ट्रामचा थांबा.
झ्बिन्येकच्या भाजीच्या पिशवीत शिंगं.
एक पोरगा, काळा टीशर्ट,
छातीवर ह्याचाच जबडा,
म्हणतो, ‘काका, जरा सरकता?’

सरकतो.
कानामागं अजून थोडं बीट.