धवळो

बाबल घाडी सांगायचा,
सड्यावर आधी रंग बघावा, मग चाप.
मातकट ससा आपला.
मानेवर काळा डाग असला तरी आपलाच,
मसाल्यात डाग दिसत नाही.
कपाळावर चांदवा असेल तर थांब,
तो बुडालेला खलाशी,
पाण्याला विटून कातळावर आलेला.
काळाकुट्ट दिसला तर नळी फुटते,
आचऱ्यात कोणाची तरी तीन बोटं अशीच गेली.
आणि पांढरा?
"धवळो राखणदाराचो.
तेच्याकडे बघू नको.
बघलंस तर नाव घेव नको."

मी तेरा वर्षांचा. माझ्या हातात बॅटरी,
त्याच्या हातात ठासणीची.
वाळल्या गवतात, हापूसच्या नव्या कलमांपाशी
तो बसला होता,
मिठागरातून उचलून ठेवल्यासारखा.
डोळे लाल नव्हते. साधे, सशाचे.
एक कान दुमडून पाय चाटत होता.

बाबलने नाव घेतलं नाही.
पण बार भरलेला होता
आणि घरी जावई आला होता.
नळी वर झाली.

बॅटरी विझली.

तिथंच, काळोखात, त्याने
दरसालचा नारळ कबूल केला.
सकाळी सगळ्या वाडीला सांगितलं,
"राखणदारान उजेड गिळल्यान!"
आता पोरंही सांगतात,
धवळ्यापुढे बॅटरी चालत नाही.

सेल नवे होते.
मीच घातले होते, त्याच संध्याकाळी.

बाबल गेला. नारळ अजून फुटतो.
खोबऱ्याचा माझा वाटा
मी गप्प घेतो.