पांढरं वाईनला, पिवळं घराला

इर्पिनियाच्या डोंगरावर सगळं गाव
चेस्टनट भाजत शेकोटीला बसलं
की मोदेस्तीनो कात्री घेऊन मळ्यात निघतो.
नोव्हेंबर. घडांवर दंव. बोटं लाकडाची.
आल्यानिकोचा हट्टच तसा,
थंडी वाजल्याशिवाय पिकायचं नाही.

मग टाकीत रस, सालींसकट.
साली वर येऊन घट्ट झाकण धरतात,
त्या दांड्याने खाली ढकलायच्या, दिवसातून तीनदा.
विसरलात तर शिरका.

पहिल्या वर्षी घोट घेऊन बघा,
कच्च्या सुपारीसारखी जीभ आवळते.
"अजून बोलत नाही, नुसती भांडते,"
म्हणत तो पिंपाचं बूच ठोकतो.

पिंपही पितं. ओकचं लाकूड श्वास घेतं
आणि घेता घेता चोरतं.
म्हणून दर शनिवारी झिना झारी घेऊन
एकेक पिंप काठोकाठ भरते.

वसंतात अंडी, पिंपाला सहा.
ती फोडायचं काम माझं.
पांढरं फेटून वाईनमध्ये सोडायचं,
ते तुरटपणाचे काटे वेचत तळाशी जातं.
पिवळं उरतं बादलीभर.
तो आठवडा अख्खी गल्ली पिवळ्या शेवया खाते,
पाद्रीसुद्धा, दोनदा वाढून घेऊन.

भूकंपाच्या साली
टाकी आंबत होती आणि घर नव्हतं.
नऊ दिवस सगळे तंबूत,
नऊ दिवस सालींना कोणी हात लावला नाही.
दहाव्या दिवशी मोदेस्तीनोचा बाप
पडकी भिंत ओलांडून आत गेला, वास घेतला,
काही बोलला नाही.
होतं ते पिंपात भरलं.
पुढे बाटल्यांवर सालही घातलं नाही.

काल त्यातली एक उघडली.
बुचाचा भुगा झाला.
रंग विटेचा, कडेला संत्र्याची साल.
"शिरका असणार," झिना म्हणाली.
मोदेस्तीनोने ग्लास नाकाशी धरला, बराच वेळ.
वाळलेली चेरी, जुनं चामडं, ओली माती,
आणि मग, "धूर," तो म्हणाला,
"तंबूंपुढच्या लाकडांचा. त्यात आमचं दारही होतं."
झिनाला धूर लागला नाही.
मलाही नाही, मी तेव्हा जन्मलोच नव्हतो.

तिघांनी बाटली संपवली.
तळाचा दोन बोटं गाळ त्याने ओतू दिला नाही,
बाटली खिडकीत तशीच उभी आहे.

आज शनिवार.
खालून झिना ओरडतेय,
सहाव्या पिंपाने या आठवड्यात जरा जास्तच घेतली.