उतरला नाही

अभ्यासिकेतल्या डिक्शनरीची पहिली सोळा पानं उंदरानं नेली,
पण 'सी' शाबूत आहे.
कॅव्हलियर. नाम : घोडेस्वार.
त्याच्याच खाली, विशेषण :
दुसऱ्याच्या कळकळीची किंमत नसलेला, बेपर्वा.
दोन्हींच्या मध्ये मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.
घोड्याचा आणि बेपर्वाईचा काय संबंध?
आमच्याकडे घोडा येतो तो वरातीत,
नवरदेवापेक्षा तोच जास्त घाबरलेला.

मंगळवारी पाण्याचा साहेब आला.
लाल रंग फासलेल्या हापशीपाशी थांबला.
तो थांबला, गाडी धडधडतच होती.
एक बूट जमिनीला,
तोही शेण चुकवून, टोकानं.
कवडूमामानं नातवाला पुढे केलं,
"आ कर बे."
पोट्ट्यानं आ केला. दातांवर गंजाचे पट्टे.
"सायेब, तीन वर्स झाले दुसऱ्या बोरिंगचं सांगून."
साहेबानं आरशात पाहिलं, भांग दाबला.
"होऊन जाते ना मामा. तुमी लोकं लय टेन्शन घेता."
गिअर पडला.
पोट्टा आ करूनच उभा,
कोणी मिट म्हटलंच नव्हतं.
मामा एवढंच बोलला,
"उतरला नाही ना थो."

रात्री मी प्रश्नचिन्ह खोडलं.
मामाला 'सी' येत नाही, 'ए'सुद्धा येत नाही.

मग परीक्षेचा दिवस. हॉल तिकिटाची झेरॉक्स राहिलेली,
बस साडेआठची, मी स्कूटीवर.
वळणावर शेवंतामामी आडवी आली,
पदरात काहीतरी बांधलेलं,
"बाई, तू शिकेल हाय. पोट्ट्याच्या दाताले
कोनतं मंजन आनू, सांग बरं."
"पाहू ना मामी, आल्यावर सांगतो," म्हटलं
आणि रेस दिली.

नाल्याच्या पुलावर आरशात दिसली :
तिथंच, कपाळाला हात लावून बघत.
मला माझी चप्पल आठवली,
एक, जमिनीला टेकलेली,
टोकानं.

चावी फिरवली.
इतकं गप्प झालं की पुलाखालचं पाणी ऐकू आलं,
आणि लांबून बसचा हॉर्न.

मंजनानं ते डाग जात नाहीत,
हे सांगायला मला पाच मिनिटं लागली.
त्यातली चार मामी माझ्याकडे नुसती बघत होती.

झेरॉक्स तालुक्याला काढली.
पेपरात तो शब्द आला नाही.