मागचं ढकलतं

चार लाखांवर काटाच थांबला,
गाडी थांबली नाही.
पांढरी होती म्हणतात. मला आठवते ती
शिळ्या वरणाच्या रंगाची.
अठरा वर्षं हौद्यात चादरींचे गठ्ठे,
अशोक चौकातून मालधक्क्याला,
पत्र्याच्या सांध्यात अजून तांबडं सूत अडकलंय,
नखानं ओढलं तर तुटतं, निघत नाही.

आता हिनं माग ओढायचे.
माग बिडाचा, आडवा, हौद्यात मावत नाही,
म्हणून चिंचोळीहून जुना ट्रेलर आणला
ज्यावर कधीकाळी जनरेटर होता.
आठ मागांतले चार भंगारात,
चार इंडीला, एका माणसाकडे,
तो टॉवेल विणणार म्हणतो.

मौलाली मिस्त्री गाडीखाली गेला
आणि बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत होते.
मग आतून आवाज:
"येमूलशेठ, चेसिसला चीर हाय.
ही काय ओढणार, हिलाच कुणीतरी ओढावं लागतंय."
नायना हसले नाहीत.
किती दिवस, एवढंच विचारलं, तेही तेलुगूत.
मिस्त्रीला कळलं.

मे महिना. होटगी रोडचं डांबर चप्पल धरून ठेवत होतं.
क्लच प्लेट निघाली ती करपलेल्या भाकरीसारखी.
रेडिएटर नवा, तीन पदरी.
पाटे सहाचे आठ केले,
तर गाडीचं ढुंगण वर, नाक खाली,
रिकामी चालवली की उड्या मारायची.
"भरल्यावर गप बसती," मिस्त्री म्हणाला.

चिदानंद वेल्डरनं मात्र आधी वेल्डिंग केलंच नाही.
चिरेच्या दोन्ही टोकांना
ड्रिलनं एकेक भोक पाडलं.
चीर तिथं येऊन थांबते म्हणे,
पुढं जायला तिला टोक उरत नाही.
मग पट्टी, मग ठिणग्या.
नायना ते भोक बघत उभे राहिले,
चहा हातात गार होईपर्यंत.

मी म्हटलं, आता हूक लावा, झालं.
"ओढंल की ओ," मिस्त्री म्हणाला,
"म्हातारा बैलबी ओढतो. थांबंल का ते बोला.
ट्रेलरला त्याचा सोताचा ब्रेक पायजे.
तुमी थांबता, त्याला कुठं ठावं?
मागचं ढकलतं."

ब्रेकचे साडेअकरा हजार.
पहिल्या मागाचे पैसे यायचे होते अजून.
नायनांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं
आणि कुठंतरी जाऊन आले.
मी विचारलं नाही.

सातजणांनी माग चढवला.
पहारीनं चार बोटं पुढं सरकवला,
वजन चाकांच्या जरा पुढं पाहिजे,
मागं गेलं की ट्रेलर शेपूट हलवतो
आणि मग स्टेअरिंगवर कुणाचे हात आहेत
याला काही अर्थ नसतो.
हात माझे होते. लायसन्स माझं.

विजापूर रोडला काही झालं नाही.
टाकळीच्या पुढं, भीमेच्या पुलाकडं उतार लागला
तेव्हा पाठीत कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटलं,
आधी हलका,
मग तेवढा हलका नाही.
"सुगुणा, मेल्लगा," नायना म्हणाले. हळू.
मी बघितलं, त्यांचा उजवा पाय
मॅटवर दाबलेला होता,
जिथं काहीच नव्हतं, रबराशिवाय.

ट्रेलर थांबला. आपला आपण.
साखळी एकदा वाजली.

येताना रिकामा ट्रेलर खड्ड्याखड्ड्यात इतका आपटला
की बोलायची सोय नव्हती,
आणि नायना सबंध रस्ताभर बोलत होते,
त्यातला एक शब्द मला ऐकू आला नाही.

कारखान्यात आलो तर अंधार.
माग होता तिथं फरशी वेगळ्या रंगाची,
आणि चार भोकं, बोल्टांची.
नायना खाली बसले,
एकात बोट घालून बघितलं,
पुसलं, उठले.
उद्या सातला निघू, म्हणाले,
ऊन व्हायच्या आत.