वाढत्या अंगाचं

सिल्व्हर मॉलच्या तळमजल्यावर
बाबांनी गळ्यातली टेप काढली
आणि काउंटरवरच्या ग्राफिक्स कार्डाची
लांबी घेतली.
पाहुजा हसला, "अंकल, ये कोई कुर्ता थोडी है."
"बारा," बाबा म्हणाले.
मग कॅबिनेटच्या पोटात हात घालून,
"साडेअकरा. शिवाय पुढे पंखा.
पंखा म्हणजे अस्तर, ते आतली जागा खातं."

हे माझ्या वहीत नव्हतं.
माझ्या वहीत सॉकेट होतं, रॅम होती,
चारची खाच इथे आणि पाचची केसभर तिथे,
कुठलं बोर्ड कुठल्या प्रोसेसरला
अपडेटशिवाय ओळखच देत नाही, तेही होतं.
दीड वर्ष, सहाशे साड्यांचे फॉल,
दर साडीमागे ऐंशी रुपये,
आणि रात्री दिवा मालवून मोबाइलच्या उजेडात
ही जुळवाजुळव.
कार्डाला शरीर असतं
हे मात्र सुचलं नव्हतं.

"चल जायेगा भिया, थोडा तिरछा करके," पाहुजा.
बाबांनी टेप गुंडाळली.
रामबागेत एकतीस वर्षं लोकांचे खांदे मोजलेत त्यांनी.
चालतं आणि बसतं यांतला फरक
गिऱ्हाइकाला सांगत नाहीत ते,
कपडा उसवून पुन्हा शिवतात.
"आखूड बाहीचं दाखवा," एवढंच म्हणाले.

दोन पंख्यांचं निघालं. साडेनऊ इंच.
पट्टीवर पाहून ते स्वतःशीच पुटपुटले:
दाब सुटतोय दोन्हीकडून.

वीजपुरवठ्याच्या डब्यापाशी मी अडले.
साडेपाचशे वॅट पुरत होते, हिशेब दोनदा केला होता,
साडेसहाशेला तेराशे जास्त.
तेराशे म्हणजे सोळा साड्या आणि वर थोडं.
बाबांनी माझ्याकडे पाहिलं,
शाळेचा गणवेश शिवताना पाहायचे तसं.
सहावीपर्यंत माझ्या प्रत्येक फ्रॉकला
खाली चार बोटं दुमड असायची
आणि मैत्रिणी हसायच्या.
"वाढत्या अंगाचं घे."
मी घेतलं.

रात्री दुकानातच जोडलं,
इस्त्रीचं टेबल रिकामं करून,
खडूची भुकटी फुंकून.
बाबा स्क्रू पेलत होते
सुई पेलावी तसे, दोन बोटांत, ओठांत तिसरा.
प्रोसेसर ठेवताना माझा हात थरथरला,
त्यांनी मान वळवली आणि रस्त्याकडे पाहत राहिले.

बटण दाबलं.
पंखे फिरले, दिवे लागले,
पडदा काळाच.
पुन्हा. काळाच.
रॅम काढली, बसवली. काळाच.
वही चाळली. सगळं सगळ्याशी जुळत होतं
आणि काही दिसत नव्हतं.
साडेअकरा वाजले, समोरचा पोहेवाला
दुसऱ्या दिवसाचे कांदे सोलायला बसला,
मला रडू यायचं तेवढं येऊन गेलं.

बाबा मागच्या बाजूला वाकले. चष्मा कपाळावर.
"ही तार इथे का?"
"पडद्याची आहे."
"आणि चित्र कोण काढतं? ते साडेनऊ इंची ना?
मग तार वरच्या भोकात कशी?
काज चुकलंय बाळा. एक बटण खाली घे."

तार खाली घेतली.
पडदा उजळला तेव्हा त्यांचा चेहरा
मला काचेत दिसला, माझ्या चेहऱ्याच्या वर,
दोघेही निळे.

पहिला खेळ ट्रकचा लावला.
त्यांनी पाहिलं थोडा वेळ, उभ्यानेच.
"यात देवास नाका आहे?"
"नाही, परदेशातले रस्ते आहेत."
"हं," म्हणाले, आणि मापवही ओढली.
सकाळी मी पाहिलं:
एका शेरवानीच्या आणि दोन सलवारींच्या मध्ये
कु. वृंदा मधुसूदन खैरनार,
लांबी साडेनऊ, आत साडेअकरा,
आणि दुमड या रकान्यात
शंभर.